नसलेली स्क्रीन

१

गिऱ्हाइकं तिला वहिनी म्हणायची, कारण तिच्या नवऱ्याला दादा म्हणायची. दादा जाऊन वर्ष होत आलं तरी हाक काही बदलली नाही, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला टेबल, टेबलावर ट्यूबलाइट. टेबलाशी बसलं की पाठीमागच्या भिंतीला फळी. फळीवर स्क्रूचे डबे, काढून ठेवलेले पंखे, फुगलेल्या बॅटऱ्या आणि अगदी टोकाला नवऱ्याचा चहाचा मग. तो वहिनीने धुतला नव्हता. आठवण म्हणून जपला होता वगैरे काही नाही. धुवायचा होता, रोज उद्यावर गेला. तळाशी चहाचा डाग वाळून तडकला होता.

काम ठरलेलं. लोकांकडे म्हातारे कॉम्प्युटर असतात. नवीन काही त्यांना झेपत नाही आणि टाकून द्यायला जीव होत नाही. असली मशिनं इथे यायची. वहिनी त्यांच्यात एखादी हलकीफुलकी नवी सिस्टिम घालून द्यायची, की म्हातारा पुन्हा चालायला लागला. फक्त एक आहे, जुन्या मशीनमध्ये नवी सिस्टिम घातली की पहिल्यांदा रुसते ती स्क्रीन. हे अगदी घरोघरचं दुखणं.

हे सगळं तिला नवऱ्याने शिकवलं. लग्नाआधी ती एका गोदामात बिलं करायची. त्याने आपल्या खुर्चीशेजारी एक पिवळं स्टूल टाकलं आणि सांगितलं, "इथे बस, बघ, आणि मध्ये मध्ये बोलू नकोस." ती मध्ये मध्ये बोलतच शिकली.

मागच्या थंडीत दोघं एकाच स्कूटरवरून घरी चालले होते. निघताना ती पुढे बसणार होती, मग त्याने तिच्या हातातून किल्ली घेतली. वळणावर रेती पडलेली होती. तिला मनगटाला मुका मार लागला. त्याला डोक्याला.

लोक म्हणाले, रडून घे, मोकळी हो. ती बरं म्हणाली आणि दुकानात येऊन त्याच्या खुर्चीत बसली. तिला काही वाटत नव्हतं. आणि काही वाटत नाही, याचंही काही वाटत नव्हतं.

२

त्या दिवशी सकाळी टेलरबाई आल्या. चार दुकानं सोडून त्यांचं शिवणकामाचं दुकान. काखेत लॅपटॉप, गळ्यात मोजायची टेप तशीच.

"वहिनी, ह्याच्यात माझे सगळे नमुने आहेत. हा बसला तर मीही बसले समजा."

"नमुने आधी काढून ठेवते. मग नवी सिस्टिम घालते. तुम्ही दुपारी या, ऊन उतरल्यावर."

"नक्की ना? मागे दादांनी एकदा आज म्हणून चार दिवस लावले होते."

"मी दादा नाही," वहिनी म्हणाली.

टेलरबाईंनी जीभ चावली. त्या उगाच टेपशी चाळा करत उभ्या राहिल्या. "तुम्ही जेवता ना वेळेवर?" त्यांनी विचारलं. वहिनीने मान हलवली, ती त्यांना हो वाटली.

नमुने निघाले. सिस्टिम बसली. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं आणि स्क्रीन काळी. आत पंखा फिरतोय, बटणाशेजारचा दिवा जळतोय आणि समोर डांबर.

यात घाबरण्यासारखं काही नसतं. तिने टॉर्च काढला आणि काचेला तिरका धरला. स्क्रीनच्या मागचा दिवा मेला असेल तर टॉर्चच्या उजेडात चित्र पुसट तरी दिसतं. काहीच दिसलं नाही. म्हणजे दिवा ठीक होता. चित्र तयार होत होतं, पण इकडे येत नव्हतं. कुठेतरी दुसरीकडे जात होतं.

तिने चित्राची जागा बदलायची कळ अंदाजाने दाबली. एकदा, पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा निळसर डेस्कटॉप उगवला. वहिनीने खुर्चीला पाठ टेकली आणि दाराबाहेरच्या रस्त्याकडे बघितलं. एक माणूस शिडी घेऊन चालला होता.

३

सेटिंगमध्ये दोन चौकोन दिसत होते, शेजारी शेजारी. एक आणि दोन. मशीनचं म्हणणं, मला दोन स्क्रीन जोडलेल्या आहेत.

जोडलेली होती एकच. ती लॅपटॉपची स्वतःची. पण चित्र काढणाऱ्या जुन्या चिपची ही खोड सगळ्या दुरुस्तीवाल्यांना ठाऊक आहे. पूर्वी लॅपटॉपला मागून टीव्ही जोडता यायचा. टीव्ही खरंच जोडलाय की नाही, हे त्या चिपला धड कळत नाही, आणि तिचं बोलणं नव्या सिस्टिमला धड समजत नाही. दोघींच्या गैरसमजातून एक स्क्रीन जन्माला येते जी कुठेच नसते. मशीन बिचारं तिच्यावर इमानाने चित्र पाठवत राहतं.

तोड सोपी. हुकूम लिहायची काळी खिडकी उघडायची, एक ओळ लिहायची. तिचा अर्थ इतकाच, की तिकडे काही नाही, चित्र पाठवू नकोस. नवरा ती ओळ आणि रीस्टार्टचा हुकूम एका दमात लिहायचा, म्हणजे शेवटी फक्त एंटर मारायचा उरे. एंटर मारायच्या आधी लॅपटॉपच्या पाठीवर बोटाच्या पेराने दोनदा टक टक करायचा. "नसलेली स्क्रीन आधी बंद कर," तो म्हणायचा. "बाकीचं दुखणं निम्मं तिथेच जातं."

वहिनीने काळी खिडकी उघडली. ती दिसेना. म्हणजे खिडकी त्या दुसऱ्या स्क्रीनवर उघडली होती. यालाही नवऱ्याची युक्ती होतीच. स्क्रीनशॉट घ्यायचा. मशीनला वाटतात तेवढ्या सगळ्या स्क्रीनचा मिळून एक लांब फोटो येतो, त्यात हरवलेली खिडकी सापडते.

तिने स्क्रीनशॉट घेतला. डाव्या अर्ध्यात तिचा डेस्कटॉप. उजव्या अर्ध्यात तोच निळसर रंग, आणि वर कोपऱ्यात ती खिडकी. सगळं जिथल्या तिथे.

फक्त उजव्या अर्ध्यात एक पांढरी पट्टी आडवी पडली होती. तिने ती पट्टी मोठी करून पाहिली. ट्यूबलाइट होती.

काचेत पडते तशी.

४

आता स्क्रीनशॉट म्हणजे काय, हे एकदा सांगायला हवं. तो कॅमेऱ्याने काढलेला फोटो नाही. मशीन जे स्वतः रंगवतं, तेवढंच त्यात येतं. काचेवरची धूळ येत नाही, बोटांचे ठसे येत नाहीत, समोर बसलेल्याचं प्रतिबिंब तर येतच नाही. यायला मशीनला डोळे लागतील. आणि इथे तर काचही नव्हती.

वहिनीने डाव्या अर्ध्यात बघितलं. तिथे काही नव्हतं, स्वच्छ निळा रंग. प्रतिबिंब होतं ते फक्त उजवीकडे. पट्टीच्या खाली भिंत. भिंतीला फळी. फळीवर डब्यांची रांग, उलट्या बाजूने लागलेली. आणि पट्टीच्या अगदी पुढे, काळसर, एक खांदा.

कचरा, तिने मनाशी म्हटलं. हाही नवऱ्याचाच शब्द. चिपच्या स्मृतीत आधीच्या चित्रांचे तुकडे राहून जातात, आणि नवी सिस्टिम सुरू होताना ते कधी कधी पडद्यावर सांडतात. रंगीत ठिपके, अर्धीमुर्धी अक्षरं, कुणाच्या जुन्या फोटोचा कान. ती शिकत होती तेव्हा असल्या तुकड्यांत अर्थ शोधत बसायची. तो हसायचा. "कचरा आहे गं. वाचत बसू नको, वेळ जातो." त्याने डोळ्यांना तशी सवयच लावून घेतली होती. कचरा दिसला की त्याची नजर पलीकडे जायची.

तेव्हा हा कुठलातरी जुना फोटो. टेलरबाईंनी कधीतरी याच दुकानात काढलेला असेल. त्यात फळी आली असेल, तो आला असेल. उलटा कसा आला, याचंही काहीतरी कारण असेलच.

तिने दुसरा स्क्रीनशॉट घेतला. खांदा डावीकडे सरकला होता.

फोन वाजला तेव्हा ती दचकली नाही. धाकटी नणंद होती. ती रोज या वेळेला फोन करायची.

"काय करतेस?"

"काम. टेलरबाईंचा लॅपटॉप आहे."

"किती दिवस बसणार आहेस गं त्या खोलीत एकटी? दुकान दे कुणाला तरी. माझ्याकडे ये राहायला. पोरांना काकूशिवाय करमत नाही, काकू म्हणजे... मामी गं. माझं डोकं पण चालेनासं झालंय."

"येईन."

"तू नेहमी येईन म्हणतेस. दादा पण असाच होता. तुला काही वाटतं की नाही आमचं?"

"वाटतं," वहिनी म्हणाली. तिची नजर स्क्रीनवर होती.

"हॅलो? अगं बोल ना. हॅलो?"

"बोलतेय मी."

"हॅलो? काही ऐकूच येत नाहीये," असं म्हणून नणंदेने फोन ठेवला. वहिनीने फोन उलटा करून बाजूला ठेवला. या भिंती जाड आहेत, रेंज नीट मिळत नाही, हे खरंच होतं.

५

मग तिने काम बाजूला ठेवून स्क्रीनशॉट घेत बसायला सुरुवात केली. एक घ्यायचा, मोठा करायचा, बघायचा, पुढचा घ्यायचा. बाहेर ऊन भिंतीवरून खाली उतरत होतं. कुणीतरी समोरच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलं. खोलीत पंख्याची घरघर आणि तिच्या बोटाखालची कळ, एवढाच आवाज.

चेहरा दिसत नव्हता. ट्यूबची पट्टी नेमकी चेहऱ्यावरून जात होती. पण माणूस ओळखायला चेहरा लागतोच असं नाही. एकात डावा हात हनुवटीखाली होता. एकात खांदे वर ओढलेले, विचारात असताना तो ओढायचा तसे. एकात समोर कुणी नव्हतंच, आणि त्याच्या पुढच्यात तो परत आलेला होता.

तो नसलेल्या चित्रात फळी नीट दिसली. टोकाला मग होता. मगाच्या पुढ्यात एक चष्मा होता, काड्या मिटून ठेवलेला. गोल भिंगांचा. डाव्या काडीला सांध्यापाशी चिकटपट्टी गुंडाळलेली.

वहिनीने हात वर नेऊन स्वतःच्या चष्म्याच्या डाव्या काडीला बोट लावलं. चिकटपट्टी जागेवर होती. तिने मागे वळून आपल्या फळीकडे बघितलं. फळीवर मग होता. पुढ्यात काही नव्हतं.

ती पुन्हा समोर वळली, तेव्हा माउसचा बाण स्क्रीनच्या उजव्या कडेतून आत येत होता. तिचा हात मांडीवर होता. बाण सावकाश आत आला, सेटिंगच्या खिडकीपाशी घोटाळला आणि आल्या वाटेने निघून गेला. तिने नवऱ्याला कित्येकदा असं करताना पाहिलं होतं. स्क्रीनची कड कुठे संपते, हे तो असंच चाचपायचा.

तो दुरुस्ती करत होता. याच लॅपटॉपची. त्याच्या मशीनलाही दोन स्क्रीन दिसत होत्या, आणि त्यातली एक त्याच्या मते नव्हती.

हे तिच्या लक्षात आलं. हे खरं नाही, हे तिला कळत होतं. झोप कमी, जेवण धड नाही, माणसाला काय वाटेल ते दिसतं. पण खरं नाही म्हणून उठून जावं, असंही तिला वाटेना.

तिने एक कोरी खिडकी उघडली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, मी आहे. मग ती खिडकी माउसने धरून उजवीकडे ओढली. कडेशी ती कापत कापत गेली आणि नाहीशी झाली.

स्क्रीनशॉटमध्ये ती खिडकी तिकडे होती. तिच्या मागे खांदे पुढे झुकलेले. तो वाचत होता.

"वाच," वहिनी म्हणाली. वर्षभरात ती या खोलीत पहिल्यांदाच कुणी नसताना मोठ्याने बोलली. "अरे वाच ना."

खिडकी परत आली. उजव्या कडेतून, अर्धीच आत. क्षणभर थांबली आणि बंद झाली. तिने केली नव्हती.

कचरा. तिच्या कानात त्याचा आवाज स्पष्ट उमटला. वाचत बसू नको, वेळ जातो.

६

तिने पुन्हा लिहिलं. पुन्हा ओढलं. या वेळी खिडकी परत आलीही नाही, तिकडच्या तिकडे बंद झाली. त्याचं तरी काय चुकलं? टेलरबाई दुपारी येणार, मशीन द्यायचं, आणि स्क्रीनवर त्याच्या हिशेबी मेलेल्या बायकोचे शब्द सांडतायत. शहाणा माणूस दुसरं काय करील? तिनेही तेच केलं असतं. तिला शिकवणाराच तो होता.

पुढच्या स्क्रीनशॉटमध्ये त्याच्या बाजूला आणखी एक काळी खिडकी उघडलेली होती, त्याची. तिच्यात ती ओळ होती. शब्द तेच, क्रम तोच, शेवटी रीस्टार्ट. फरक एका आकड्याचा. वहिनीच्या हिशेबी नसलेली स्क्रीन दोन नंबरची होती. त्याने लिहिली होती एक नंबरची.

ती समोर जी बघत होती ती.

मग मात्र तिची बोटं आपोआप चालायला लागली. मनगट दुखत होतं तरी. आपली काळी खिडकी ओढून इकडे आणली, ओळ लिहिली, दोन नंबर घातला, रीस्टार्ट लिहिलं. तिचा हात त्याच्यापेक्षा भरभर चालायचा, हे तो स्वतः कबूल करायचा. लिहिल्यावर तो एकदा सगळं वाचून बघायचा, अक्षर न् अक्षर. तेवढ्यात तिचं एंटर दाबून झालं असतं.

बोट एंटरवर टेकलं होतं.

दाबलं की तिकडची खोली गेली. ट्यूब गेली, फळी गेली, तो हनुवटीखाली हात घेऊन बसलेला गेला. एकदा तिच्यासमोर गेलाच होता. दुसऱ्यांदा तिच्या बोटाने गेला असता. आणि नाही दाबलं तर काय, हे तिला माहीत नव्हतं. काहीच होणार नाही बहुधा. चिपचा गोंधळ आहे, दुसरं काय.

पण काहीतरी झालंच, तर इकडची खोली जाईल, आणि तो उद्या सकाळी शटर वर करील. चहा टाकील. नणंद त्याला फोन करून ये म्हणेल आणि तोही येईन म्हणेल. तिला हे सगळं डोळ्यांसमोर दिसलं आणि बरं वाटलं. वर्षभरात वाटलेली ही पहिली गोष्ट होती, आणि ती इतकी साधी होती, की तिला स्वतःचंच नवल वाटलं. तो असावा. बाकी तिला काही नको होतं.

तिने बोट उचललं. लिहिलेली ओळ शेवटच्या अक्षरापासून पहिल्यापर्यंत पुसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

टक टक.

लॅपटॉपच्या पाठीवर, बोटाच्या पेराने. मग स्क्रीन काळी झाली.

७

काळ्या काचेत खोली दिसत होती. ट्यूब, भिंत, फळी, डबे. वहिनी वाट बघत राहिली. आतला पंखा थांबला, पुन्हा फिरायला लागला. निळसर डेस्कटॉप आला, एका फटक्यात, कुठे थरथर नाही की ठिपका नाही. सेटिंगचा चौकोन उघडला. त्यात आता एकच स्क्रीन होती. काम चोख झालं होतं.

दारात टेलरबाई उभ्या होत्या, गळ्यात टेप.

"झालं का?"

"या," वहिनी म्हणाली. टेलरबाई आत आल्या, तिच्याजवळून गेल्या आणि टेबलापाशी थांबल्या. "झालं का हो, दादा?"

"झालं," खुर्चीतून उत्तर आलं. "विशेष काही नव्हतं. नसलेली स्क्रीन दाखवत होतं."

"म्हणजे काय?"

"मशीनला वाटतं शेजारी अजून एक आहे. नसतं काही." त्याने लॅपटॉप मिटला. "मध्येच काहीतरी कचरा पण येत होता. बंद केलं."

"नमुने आहेत ना माझे?"

"सगळे आहेत."

टेलरबाईंनी लॅपटॉप काखेत मारला, पण निघाल्या नाहीत. उगाच टेपशी चाळा करत उभ्या राहिल्या. "तुम्ही जेवता ना वेळेवर?" त्यांनी विचारलं.

त्याने मान हलवली.

वहिनी पिवळ्या स्टुलावर होती. खुर्चीतून आपण कधी उठलो, ते तिला आठवेना. तो वाळला होता, शर्टाची कॉलर मळलेली होती, आणि तरी त्याला बघून तिला फार बरं वाटत होतं. फक्त चेहरा नीट दिसत नव्हता, सगळं धुरकट होतं. चष्मा घसरला असेल म्हणून तो वर ढकलायला तिने हात नेला.

डोळ्यांवर चष्मा नव्हता. तो फळीवर होता, काड्या मिटून, मगाच्या पुढ्यात. भिंगांवर धूळ जाड बसली होती. पुसायचा असणार त्याला, रोज उद्यावर गेला.